नवी .२२ मॅच रायफल: पुण्यातल्या नेमबाजांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही माहिती ५० मीटर प्रोन (पोटावर झोपून) आणि थ्री-पोझिशन (गुडघ्यावर बसून, झोपून आणि उभं राहून) खेळणाऱ्यांसाठी आहे. क्लबच्या रायफलवर दोन-तीन वर्षं घालवून आता स्वतःच्या मापाची रायफल घेतलेले किंवा घेऊ पाहणारे नेमबाज समोर ठेवून ती लिहिली आहे. एक गोष्ट आधीच सांगतो: पहिल्या महिन्यातल्या स्कोअरवरून नव्या रायफलबद्दल मत बनवू नका. त्या महिन्यात तुम्ही रायफल तपासत नसता, अजून न जुळलेली बैठक (नेम धरताना शरीराची स्थिती), न निवडलेला लॉट (एकाच वेळी बनलेल्या गोळ्यांचा गट) आणि अनोळखी ट्रिगर एकदमच तपासत असता. हे तिन्ही वेगळे काढणं हेच नव्या रायफलचं पहिलं काम.

‘कस्टम’ रायफलमध्ये नेमकं काय कस्टम असतं?

बॅरल आणि अ‍ॅक्शन (गोळी भरून झाडणारी यंत्रणा) बहुतेक वेळा कारखान्यातूनच जुळवून येतात. अ‍ॅन्शुट्झ, वाल्थर, फाइनवेर्कबाउ, ब्लायकर, ग्रुनिग-एल्मिगर ही नावं रेंजवर रोज कानावर पडतात. यांच्या वरच्या श्रेणीच्या मॉडेलांमध्ये अचूकतेचा फरक इतका कमी आहे की चांगला लॉट आणि साधारण लॉट यांतला फरक त्याहून मोठा ठरतो. तुमच्या मापाचं करून घ्यायचं ते अंगाला लागणारं सगळं: ग्रिप (मूठ), चीकपीस (गाल टेकवायचा भाग), बट-प्लेट (खांद्याला टेकणारा मागचा भाग), हँडस्टॉप (पुढच्या हाताला अडवणारा तुकडा) आणि स्टॉकची (रायफलच्या दस्त्याची) लांबी. बजेट ताणायचंच असेल तर स्टॉकवर ताणा.

ऑर्डर देण्याआधी दोन गोष्टी ठरवा. पहिली, तुमचा प्रमुख डोळा कोणता. दोन्ही पंजे पुढे धरून मधे छोटं भोक करा, त्यातून लांबची वस्तू बघा आणि एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्याला ती वस्तू दिसत राहते तो तुमचा. उजव्या हाताच्या नेमबाजाचा डावा डोळा प्रमुख निघाला, तर प्रशिक्षकाशी बोलल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. दुसरी, पंज्याचं माप. ग्रिप मोठी आली तर ट्रिगरवर बोटाचं पेर पोचत नाही, मग बोट तिरकं ओढतं आणि शॉट बाजूला जातात.

परवान्याचं काय? आधी रायफल ठरवावी की कागद?

कागद. .२२ रायफल १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली येते. पुणे शहरात परवाना पोलीस आयुक्तालयातून मिळतो, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी कार्यालयातून. परवान्यासाठी किमान वय २१ वर्षं आहे, पण त्याखालच्या ज्युनियर नेमबाजांसाठी नियमांत वेगळी तरतूद आहे. २०१६ च्या नियमांनुसार शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्रही लागतं. क्लबचं सदस्यत्व, राज्य संघटनेची नोंदणी आणि स्पर्धांच्या स्कोअरची प्रमाणपत्रं पहिल्या दिवसापासून एकाच फाइलीत ठेवा. रायफल आयात करताना नेमबाज म्हणून तुमची पात्रता दाखवावी लागते, आणि ऐन वेळी जुनं प्रमाणपत्र सापडत नाही.

ज्यांना अजून .२२ घ्यायची नाही त्यांनी १० मीटर एअर रायफलपासून सुरुवात करणं चांगलं. फिटिंगबद्दल पुढे जे लिहिलं आहे, त्यातलं बरंचसं तिलाही लागू पडतं.

रायफल हातात आल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं?

गोळी झाडायची नाही. आधी बॅरलवरचा आणि अ‍ॅक्शनवरचा नंबर परवान्यावरच्या नोंदीशी जुळतो का ते बघा. मग कारखान्याचं जाड तेल काढा. बोअर गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळी) लावा आणि रॉड चेंबरकडून (गोळी बसते ते टोक) मझलकडे (गोळी बाहेर पडते ते टोक) घाला, उलट कधीच नाही. मझलच्या कडेला, म्हणजे क्राउनला, रॉड घासली गेली की ग्रुप (टार्गेटवरच्या शॉटचा पुंजका) बिघडतो आणि ती जखम साफसफाईने भरून येत नाही.

त्यानंतर स्टॉक आणि अ‍ॅक्शन जोडणारे दोन स्क्रू टॉर्क पान्याने तपासा. आकडा निर्मात्याच्या पुस्तिकेतून घ्या, रेंजवर ऐकलेला नको, कारण लाकडी आणि अ‍ॅल्युमिनियम स्टॉकचे आकडे वेगळे असतात. रविवार पेठेत बोहरी आळीत अ‍ॅलन की मिळतात, पण टॉर्क पाना घेताना कमी न्यूटन-मीटरचा, बारीक खुणांचा मागा. गॅरेजमधला मोठा पाना इथे कामाचा नाही.

शेवटी सगळ्या सरकत्या भागांचे आकडे वहीत लिहा आणि शेजारी स्टीलची पट्टी ठेवून मोबाइलवर फोटो काढा. पुढे कधी वाट चुकली तर इथे परत येता येईल.

फिटिंग कुठून सुरू करायची?

प्रोनपासून. ही सर्वांत स्थिर बैठक, म्हणून चूक लगेच दिसते. क्रम मात्र मोडू नका, कारण मागचं हललं की पुढचं सगळं बदलतं.

आधी बट-प्लेट. ग्रिप पकडून कोपर काटकोनात वाकवा. बट-प्लेट कोपराच्या आतल्या बाजूला हलकी टेकली की सुरुवातीची लांबी मिळाली. मग जॅकेट घालून झोपा. जॅकेटशिवाय लावलेली लांबी फसवी असते, जाड कॅनव्हासमुळे खांद्याशी चांगलाच फरक पडतो. लांबी जास्त असेल तर मान पुढे ताणली जाते आणि विसाव्या शॉटनंतर मानेत कळ येते. कमी असेल तर डोकं मागे ढकललं जातं आणि रायफल खांद्यात नीट बसत नाही.

दुसरा चीकपीस. डोळे मिटा, डोकं जड सोडून गाल टेकवा, मग डोळे उघडा. रेअर साइटच्या (डोळ्याजवळच्या नेमयंत्राच्या) छिद्रात फ्रंट साइटचा (बॅरलच्या टोकावरच्या नेमयंत्राचा) गोल बोगदा मधोमध दिसायला हवा, चारही बाजूंना सारखी फट. डोकं उचलून किंवा दाबून ते जुळवावं लागत असेल तर चीकपीस चुकला आहे. त्याची उंची अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरने बदला. डोकं जितकं सरळ तितकं बरं. भुवईखालून तिरकं बघावं लागलं तर डोळा लवकर थकतो.

तिसरी रेअर साइट पुढे-मागे. डोळ्यापासून साधारण ५ ते ८ सेंमी ठेवून बघा.

चौथा हँडस्टॉप. तो मागे घेतला की मझल वर जातं, पुढे सरकवला की खाली. इथे नियमही आठवा: प्रोनमध्ये स्लिंगच्या (दंडाला अडकवायच्या पट्ट्याच्या) हाताचा कोपरापुढचा भाग जमिनीशी ३० अंशांपेक्षा कमी कोन करता कामा नये. आरामासाठी हँडस्टॉप पुढे-पुढे सरकवत नेणारे नेमबाज स्पर्धेतल्या तपासणीत अडकतात.

पाचवी स्लिंग. टार्गेटचं काळं वर्तुळ हृदयाच्या ठोक्याबरोबर उड्या मारत असेल तर पट्टा दंडातल्या धमनीवर आहे. तो वर किंवा खाली सरकवा, घट्ट करत राहू नका.

एका दिवसात एकच बदल, आणि तो बदल किमान ३० शॉट तसाच ठेवायचा. नव्या रायफलवर अ‍ॅलन की खिशात ठेवणारे नेमबाज दर दहा शॉटला काहीतरी फिरवतात, आणि महिन्याअखेरीस कोणत्या बदलाने काय झालं ते कुणालाच सांगता येत नाही.

बैठक खरंच जुळली हे कसं ओळखायचं?

नेमावर या, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या, डोळे उघडा. फ्रंट साइटमधली रिंग टार्गेटच्या काळ्यावरच असेल तर नैसर्गिक नेम जुळला. बाजूला गेली असेल तर हाताने ढकलून आणू नका, डावा कोपर तसाच ठेवून कंबर आणि पाय सरकवा. हाताने ढकललेली रायफल ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परत जाते, आणि शॉट तिकडेच पडतो. दर दहा शॉटला ही तपासणी करा. पन्नासाव्या शॉटला बैठक पहिल्या शॉटसारखी राहिलेली नसते.

झिरो लावताना (शॉट मध्यावर पडेल अशी साइट जुळवताना) क्लिक (साइट फिरवण्याचे टप्पे) उलट का जातात?

अनेक जर्मन साइटांवरची अक्षरं शॉट कुठे गेला ते सांगतात, तो कुठे न्यायचा ते नाही. शॉट उजवीकडे गेला तर ‘आर’कडे फिरवायचं, वर गेला तर ‘एच’कडे. भारतीय बनावटीच्या साइटवरून आलेला नेमबाज इथे हमखास उलटं फिरवतो. वहीच्या पहिल्या पानावर बाण काढून ठेवा.

पहिल्या झिरोसाठी बोल्ट काढा, रायफल बॅगवर ठेवा आणि बॅरलमधून बघून टार्गेटचं काळं मधोमध आणा. मग रायफल न हलवता साइट त्याच काळ्यावर आणा. पहिला शॉट बहुतेक वेळा टार्गेटच्या आसपास पडतो. नंतर पाच शॉट, २० क्लिक, पुन्हा पाच शॉट, असं करून तुमच्या साइटचा एक क्लिक किती मिलिमीटर ते स्वतः मोजा. ५० मीटरच्या टार्गेटवर एक रिंग ८ मिमीची, म्हणजे दशांश गुणांत ०.१ साठी ०.८ मिमी. हा आकडा माहीत असला की किती क्लिक लावायचे याचा अंदाज बांधावा लागत नाही.

फ्रंट साइटमध्ये कोणती रिंग घ्यावी?

वाटतं त्याहून मोठी. काळ्याभोवती भरपूर पांढरं दिसायला हवं. घट्ट रिंग अचूक वाटते, पण डोळा मध्य शोधत राहतो आणि होल्ड (नेम धरून थांबणं) लांबतो. बॅरलपुढे लांब नळी लावली तर तेवढाच पांढरा भाग दिसण्यासाठी रिंगही मोठी लागते. एप्रिलच्या उन्हात रेअर आयरिस (मागच्या साइटचं लहान-मोठं होणारं छिद्र) थोडं बंद करा, जुलैच्या ढगाळ सकाळी उघडा.

ट्रिगर किती ग्रॅमवर ठेवावा?

५० मीटर रायफलला नियमात किमान वजन नाही, म्हणून नवे मालक पहिल्याच दिवशी ५० ग्रॅमवर जातात. तसं करू नका. १०० ते १५० ग्रॅमवर सुरू करा आणि ट्रिगरच्या दोन टप्प्यांपैकी पहिल्यावर जास्त भार ठेवा, म्हणजे बोटाला भिंत जाणवते. दर वेळी सेटिंग बदललं की रिकामी रायफल रेंजच्या दिशेला ठेवून बोल्ट जोरात बंद करा. ट्रिगर आपोआप सुटला तर सेटिंग धोकादायक आहे. ट्रिगरच्या आत तेल सोडू नका. फेब्रुवारी ते मे बालेवाडी-म्हाळुंगे पट्ट्यात बांधकामांची धूळ असते, ती तेलात बसून चिखल होतो आणि ट्रिगर एका शॉटला हलका, दुसऱ्याला जड लागतो.

ड्राय प्रॅक्टिसआधी पुस्तिका वाचा. रिमफायरमध्ये (गोळीच्या कडेवर मार बसून पेटणाऱ्या, .२२ सारख्या रायफलमध्ये) फायरिंग पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटण्याचा धोका असतो, म्हणून ड्राय यंत्रणा किंवा वेगळा भाग दिलेला असेल तर तोच वापरा.

कोणत्या गोळ्या घ्याव्यात?

ब्रँडवर थांबू नका, लॉट निवडा. एली टेनेक्स, लापुआ एक्स-अ‍ॅक्ट, आरडब्ल्यूएस आर ५० या तिन्ही वरच्या दर्जाच्या गोळ्या आहेत, पण एकाच ब्रँडचे दोन लॉट तुमच्या बॅरलमध्ये वेगळे वागतात. शेजारच्या लेनवरच्याला दहा-दहा मारून देणारा लॉट तुमच्याकडे नऊवर पसरू शकतो. त्यात दोष कुणाचाच नसतो.

चाचणी अशी करा. वारा पडलेला असतो अशी सकाळची वेळ घ्या. रायफल व्हाइसमध्ये (घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यात) किंवा भक्कम बॅगवर ठेवा. लॉट बदलला की आधी १५ शॉट बाजूला मारा. प्रत्येक कंपनीचं मेण वेगळं असतं आणि बॅरल नव्या मेणावर स्थिरावायला तेवढे शॉट जातात. मग दहा-दहाचे चार ग्रुप मारा आणि चारही एकावर एक ठेवून ४० शॉटचा एकच ग्रुप वाचा. सर्वांत लहान ग्रुप ज्याचा, तो लॉट उचलणं ही नेहमीची चूक आहे. चारांतला सर्वांत वाईट ग्रुप ज्याचा लहान, तो घ्या.

किती लहान हवा? दहाची रिंग १०.४ मिमीची, गोळी ५.६ मिमीची आणि रेषेला स्पर्श झाला तरी गुण मिळतो. म्हणजे गोळीचा मध्य टार्गेटच्या मध्यापासून ८ मिमीच्या आत असला की दहा. शॉटच्या मध्यापासून मध्यापर्यंत १६ मिमीत बसणारा ग्रुप फक्त रायफलचा विचार केला तर सगळे दहा देतो. पण तुमचा होल्डही त्यात मिसळणार आहे, म्हणून १३-१४ मिमीच्या आतला लॉट शोधा.

लॉट सापडला की परवान्यावरची मर्यादा आणि विक्रेत्याकडचा साठा बघून त्याच नंबरच्या जास्तीत जास्त गोळ्या एकदम घ्या. पेटीवरचा नंबर आतल्या डब्यांवरच्या नंबराशी जुळवून बघा. गोळ्या एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका. मेण वितळून डब्याला लागतं आणि चांगला लॉट वाया जातो.

अधूनमधून नऊ किंवा आठ का येतो? रायफल, गोळी की मी?

आधी ग्रुपचा आकार वाचा.

दोन वेगळे ठिपके, मधे रिकामं: काहीतरी ढिलं आहे. बेडिंग स्क्रू (स्टॉक जोडणारे), रेअर साइटची पकड आणि फ्रंट साइटचा बोगदा बोटाने हलवून बघा. बऱ्याचशा तक्रारी इथेच मिटतात.

उभी रेघ: वेगातला फरक किंवा बट-प्लेट दर शॉटला वेगळ्या उंचीवर बसते. गोळ्यांच्या वेगात ५ मीटर प्रतिसेकंदाचा फरक असला तरी ५० मीटरवर उंचीत सुमारे ४ मिमी जातात, म्हणजे अर्धी रिंग. बोल्ट आणि फायरिंग पिन साफ करून बघा. मेण आणि काजळी साचली की पिनचा मार कमी-जास्त होतो.

आडवी रेघ: वारा, न जुळलेला नैसर्गिक नेम किंवा तिरकं बोट.

तासाभरात हळूहळू सरकणारा ग्रुप: स्लिंग घसरते आहे किंवा कोपर हलला.

रायफल एका बाजूला कलली तरी शॉट त्याच बाजूला आणि थोडा खाली जातो, अंशाला साधारण २ मिमी. कल असणं चूक नाही, पण तो दर शॉटला सारखा हवा. त्यासाठी फ्रंट साइटमधली आडवी रेष किंवा बुडबुडा वापरा.

बालेवाडीच्या रेंजवर वारा किती मोजावा?

बाजूने १ मीटर प्रतिसेकंदाचा वारा ५० मीटरवर गोळीला सुमारे ६ मिमी ढकलतो, म्हणजे पाऊण रिंग. हातावर जेमतेम जाणवणारी झुळूकसुद्धा दहाचा नऊ करू शकते. सकाळी शांत असलेली रेंज ऊन चढलं की बदलते, म्हणून सराव फक्त सकाळी सातचा ठेवू नका. आठवड्यातून एकदा दुपारी मारा. वाऱ्यातले दहा शॉट मारताना प्रत्येक शॉटआधी झेंड्याची स्थिती आणि नंतर शॉट कुठे गेला ते लिहा. कोणत्या झेंड्याला किती क्लिक हे त्या वहीतूनच कळतं. नव्या माणसाने एक ठरावीक वारा निवडावा, त्यावर झिरो लावावा आणि तो परत येईपर्यंत थांबावं.

पावसाळ्यात रायफल कशी सांभाळायची?

जून ते सप्टेंबर त्याच दिवशी साफ करा. घामाचा हात लागलेला बोल्ट आणि बॅरलचा बाहेरचा भाग पुसून हलकं तेल लावा. बॅरलमध्ये तेलाचा पातळ हात, आणि पुढच्या सरावाआधी कोरडा पॅच. तेल राहिलं तर पहिले काही शॉट वर-खाली जातात. साफ केल्यावर १० ते २० शॉट बॅरल स्थिरावत नाही, म्हणून स्पर्धेच्या सकाळी बॅरल साफ करू नका, आदल्या दिवशी साफ करून थोडे शॉट मारून ठेवा.

फेल्ट पॅच बहुतेक वेळा पुरतात. ब्राँझ ब्रश लागतो तो चेंबरच्या लगेच पुढे साचणाऱ्या कार्बन आणि शिशाच्या कड्यासाठी. ते कडं जाड झालं की गोळी सारखी बसत नाही आणि कारण न कळता फ्लायर (ग्रुपबाहेर गेलेले शॉट) येऊ लागतात. फोम लावलेली हार्ड केस ओलावा धरून ठेवते. रेंजवरून आल्यावर ती उघडी वाळवा, सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रायफल केसमध्ये मुक्कामी ठेवू नका.

तिन्ही पोझिशनसाठी एकच सेटिंग चालेल का?

नाही. नीलिंग (गुडघ्यावर बसून), प्रोन, स्टँडिंग (उभं राहून) या क्रमाने प्रत्येकी २० शॉट ९० मिनिटांत मारायचे असतात, आणि पोझिशन बदलण्याचा वेळ त्यातच जातो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ४५१.४ गुणांसह ब्राँझ मिळवलं ते याच प्रकारात, आणि तेव्हापासून पुण्यात थ्री-पोझिशनकडे वळणारे वाढले आहेत. प्रत्येक पोझिशनसाठी बट-प्लेट, चीकपीस, हँडस्टॉप आणि साइटचे आकडे वेगळ्या कार्डावर लिहा आणि घड्याळ लावून घरी बदलण्याचा सराव करा. नीलिंगचा रोल (घोट्याखाली ठेवायची गुंडाळी) २५ सेंमी लांब आणि १८ सेंमी व्यासाच्या आत हवा.

बट-प्लेटचे भाग किंवा वजनं भोसरीत बनवून घेता येतील का?

वजनं, स्पेसर, चीकपीसची प्लेट, स्टँड हे सगळं एमआयडीसीतल्या लेथवर चांगलं बनतं. नमुना म्हणून कागदी आराखडा आणि मूळ स्क्रू न्या. रायफल वर्कशॉपमध्ये नेऊ नका. बॅरल, बोल्ट, अ‍ॅक्शन, ट्रिगर यांची दुरुस्ती करायचा अधिकार परवानाधारक बंदूक दुरुस्ती करणाऱ्यालाच आहे.

घरात आणि प्रवासात काय पाळायचं?

रायफल कुलूपबंद, बोल्ट वेगळा, गोळ्या तिसऱ्या ठिकाणी. चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग (चेंबर रिकामं असल्याची खूण) कायम, फक्त फायरिंग पॉइंटवर काढायचा. प्रवासात मूळ परवाना आणि स्पर्धेचं पत्र जवळ ठेवा. विमानात गोळ्या चेक-इन सामानातच जातात आणि वजनाची मर्यादा असते, म्हणून तिकीट काढतानाच विमान कंपनीला कळवा. निवडणूक आचारसंहितेच्या काळात शस्त्र जमा करण्याचे आदेश निघतात. नेमबाजांना सूट मिळू शकते, पण ती आपोआप लागू झाली असं धरू नका. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज करून पोच घ्या.

बॅरल किती वर्षं टिकतं?

.२२ चं बॅरल झिजून नव्हे, तर चुकीच्या साफसफाईने लवकर जातं. ग्रुप वाढला म्हणून लगेच बॅरल बदलायला निघू नका. आधी चेंबरपुढच्या कड्याची साफसफाई, मग टॉर्क, मग दुसरा लॉट, मग क्राउन भिंगाखाली. खरेदीच्या महिन्यात मारलेले ४० शॉटचे कागद किंवा इलेक्ट्रॉनिक टार्गेटची प्रिंट जपून ठेवली असेल, तर तोच लॉट पुन्हा व्हाइसमधून मारून दोन कागद शेजारी ठेवा.